ऐकू येते, पण कळत नाही

न्यू जर्सीतील पार्सिपनी व आसपासच्या गावी आपले मराठी बोलणारे वडीलधारे मुलाबाळांजवळ राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याविषयी घरचे म्हणू लागतात, "आजी हल्ली विसरतात, विचारावे एक तर सांगतात दुसरेच." अशा वेळी विसराळूपणाचा शिक्का मारण्यापूर्वी कान तपासून घ्यावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

वयोमानाने कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी झिजतात व त्या पुन्हा वाढत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही व्यंजने त्याच पट्टीतली. स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून ते ऐकू येतात. मग 'साठ'चे 'आठ' होतात आणि 'सात'चा 'हात'! ओरडून उपयोग नाही. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. टीव्ही बंद ठेवावा. औषधाच्या गोळ्या किती घ्यायच्या, तो आकडा लिहून द्यावा.

तपासणीचे मुख्य भाग दोन. एकात नुसते नाद ऐकवतात. दुसऱ्यात शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. अमेरिकेत हे शब्द बहुधा इंग्रजी असतात. ज्यांचे इंग्रजी कच्चे, त्यांचे गुण भाषेमुळेच कमी पडतील. सोबत जाणाऱ्याने हे आधीच सांगावे व मराठी दुभाषा मागावा. वाचेच्या तपासणीलाही हाच नियम लावावा. पक्षाघाताने वाचा गेल्यास दोन्ही भाषांत तपासणी व्हावी. कारण एक भाषा दुसरीपेक्षा अधिक शाबूत राहिलेली असू शकते.

आता खर्चाचे. मूळ मेडिकेअर श्रवणयंत्राचे पैसे देत नाही. मात्र २०२३ पासून, दीर्घकाळच्या तक्रारीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून बारा महिन्यांतून एकदा श्रवणतज्ज्ञाकडे जाता येते. सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी प्रौढांना ऑक्टोबर २०२२ पासून श्रवणयंत्रे दुकानातूनही थेट मिळतात. एक मात्र ध्यानात ठेवावे: एका कानाचे ऐकू येणे अचानक बंद झाले, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचाराचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली आहेत. बहिरेपणा हे त्यांतील एक. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे सोडतो, आणि परक्या मुलुखात मराठी बोलणारे माणूस घरातच एकटे पडते. तसे होऊ देऊ नये.