आधी मासा, मग गळ, काठी शेवटी

बाबू, दुकानात गेलं की पहिली काठीच डोळ्यात भरते. सगळा पैसा तिथं जातो आणि गळ, दोरी उरलेल्या चिल्लरीत घ्यावी लागते. तू उलटं कर. माशाच्या तोंडापासून सुरुवात कर आणि मागे येत येत हातातल्या काठीपर्यंत पोच. कोणता मासा, कुठं दडतो, काय खातो, हे आधी ठरव. मग गळ, मग दोरी, मग रीळ. काठी सगळ्यांत शेवटी.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं पाणी दोन दिशांना जातं. घाटाखालची नळगंगा, ज्ञानगंगा पूर्णेतून तापीला मिळते; घाटावरची पैनगंगा आणि खडकपूर्णा शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात. शिकारी मासे मात्र दोन्हीकडं ओळखीचे. तुला मरळ आणि शिंगाडा धरायचाय. पाश्चात्त्य पुस्तकांत पाईक आणि वॉलाय या माशांसाठी सामान सांगितलेलं असतं, ते जरूर वाच, कारण स्वभाव जुळतात. पाईक मरळीसारखाच गवतात दबा धरून बसतो आणि झडप घालतो. वॉलायचे डोळे कमी उजेडासाठी घडलेले, म्हणून तो तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. शिंगाडाही अंधार पडू लागला की तळाशी फिरतो. तरी तिथलं सामान जसंच्या तसं इथं आणू नकोस.

गळाचे आकडे आधी समजून घे. साधा आकडा वाढला की गळ लहान होतो: आठ नंबरचा गळ चार नंबरपेक्षा बारीक. एकच्या पुढं मात्र आकड्याला शून्य जोडतात आणि तिथून आकड्याबरोबर गळ मोठा होत जातो. मरळीला एक-शून्य ते तीन-शून्य घे, दांडा जाड असलेला. गांडूळ लावून चिलापी धरायची तर आठ नंबर पुरे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढ. घसरलं तर बोथट, रुतलं तर कामाचं. मासा परत सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट कर. माशाचं तोंड कमी फाटतं.

दोरीत कंजूषी नको. मोकळ्या पाण्यात शिंगाड्यासाठी तंगूस चांगला, तो थोडा ताणतो आणि झटका पचवतो. मरळ मात्र गळ लागताच बेशरमाच्या मुळ्यांत, लव्हाळ्यात शिरते. तिथं ताणणारी दोरी उपयोगाची नाही. तीस ते पन्नास पौंडांची ब्रेडेड दोरी लाव, ती गवत कापत येते. पाईकचे दात दोरी कापतात म्हणून तिकडं गळाजवळ तारेचा तुकडा जोडतात. मरळीला चाळीस पौंडांचा जाड तंगूस हातभर जोडला की पुरतं. शिवडा मासा असलेल्या पाण्यात असशील तर तार हवीच, त्याचा जबडा रुंद आणि दातेरी. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली कर. कोरडी आवळली तर घर्षणानं तंगूस तिथंच कमजोर होतो. उन्हात पडलेला तंगूस दिसायला धड असला तरी बदल.

आमिष पाण्याच्या थराप्रमाणे निवड. मरळ हवा घ्यायला वर येते, म्हणून काठावर आधी शांत उभा राहा आणि पाणी कुठं हलतं ते बघ. रबरी बेडूक त्या जागेच्या पलीकडं टाकून गवतावरून सावकाश ओढ. गळाची टोकं बेडकाच्या पाठीला चिकटलेली असावीत, म्हणजे शेवाळात अडकत नाहीत. शिंगाड्यासाठी शिसं लावून आमिष तळाशी बसव. पावसाच्या गढूळ पाण्यात गडद रंगाचं आमिष घे, त्याची आकृती माशाला उठून दिसते.

रिळाचा ब्रेक घरीच तपास. दोरी जेवढं वजन पेलते त्याच्या चौथाईला ती सुटायला लागली पाहिजे. दोरी ताणकाट्याला बांधून ओढली की कळतं. मरळीसाठी गवतात तो आणखी घट्ट ठेव.

आता काठी. फ्लायच्या, म्हणजे कृत्रिम माशी फेकण्याच्या प्रकारात वजन आमिषात नसतं, दोरीत असतं, म्हणून काठीवरचा आकडा आणि दोरीवरचा आकडा जुळलाच पाहिजे. पाईकला आठ-नऊ नंबर, वॉलायला सहा-सात. मरळीला आठ चालेल. पण ती दोरी फेकताना मागंही समोरच्याएवढीच मोकळी जागा लागते. आपल्या फुगवट्याच्या काठाला मागं बाभळी, समोर वारं. खडकपूर्णेच्या उघड्या गाळपेराच्या पट्ट्यात फ्लाय जमेल. बाकी ठिकाणी साडेसहा-सात फुटांची, मधल्यापेक्षा थोडी कडक, साध्या रिळाची काठी घे.

पिशवीत लांब चोचीची पक्कड आणि जाड ओलं फडकं हवंच. शिंगाड्याच्या परातले काटे हात फोडतात. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आण, त्यात पाणपाखरांचे पाय अडकतात.

सामानाइतकंच हेही पक्कं लक्षात ठेव. धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. तिथं भोई बांधवांचं पोट आहे. आधी विचार, त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकू नकोस. ज्ञानगंगा अभयारण्यात गळ न्यायचाच नाही. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला तर खाली मरळीचं जोडपं राखण करत असतं. ते धरलं की पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो. तिथून दोरी गुंडाळून पुढं चालू लाग. आणि आययूसीएनच्या लाल यादीत शिवडा धोक्यातल्या माशांत आहे. गळाला लागलाच तर परत सोड.

पैसे कमी पडले तर काठी जुनी घे, रीळ साधं घे. गळ आणि दोरी मात्र उत्तमच घे, कारण मासा आणि तू यांच्यामध्ये तेवढंच असतं. घरी आल्यावर गळ कोरडा पुसून तेलाचा हात लाव, दोरीचा पहिला हातभर भाग बोटांतून ओढून बघ. खरखरीत लागला तर कापून टाक आणि नवी गाठ बांध.