जुनी मोटार आणि नवा खर्च

बैल विकत घ्यायचा झाला, तर आपण काय करतो?

सांगोल्याच्या बाजाराला जातो. एकटे जात नाही. बरोबर जाणता माणूस नेतो. बैलाचे दात पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, ते मोजतो. खूर उचलून पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मानेवर जू ठेवून पाहतो. मारका आहे का, नांगराला बसतो का, हे आडून विचारतो. मग रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरते.

बैलासाठी आपण एवढे करतो. आणि जुनी मोटार घेताना? रंग पाहतो आणि पैसे देतो.

बंधुभगिनींनो, हे मी कोणाला हसण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतःच असे केले. मी शाळेत हेडमास्तर होतो. वर्षानुवर्षे मुलांना नफा-तोटा शिकवला. पण माझाच हिशेब चुकला. तो कसा चुकला, ते ऐका. म्हणजे तुमचा चुकणार नाही.

१. गाडी का घेतली

माझ्या पत्नीला दमा आहे. दवाखाना पंढरपूरला. आमच्या गावापासून पंचवीस किलोमीटर. संध्याकाळची एस. टी. गेली, की मग सकाळपर्यंत काही नाही. रात्री-अपरात्री धाप लागली, तर काय करायचे? म्हणून ठरवले, की एक लहानशी जुनी गाडी घ्यावी. चालवायला पुतण्या घरचाच होता.

माझ्याजवळ १,५०,००० रुपये होते. शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही गेलो. गाडी अकरा वर्षांची होती, पण लाल, चकचकीत. आत नवी कव्हरे. किलोमीटरचा आकडा फक्त ४२,०००. आम्ही पोचलो, तेव्हा इंजिन सुरूच होते. मला वाटले, केवढे हे अगत्य!

१,४०,००० रुपयांना सौदा झाला. दहा हजार उरले. त्यात पेढे आले, नारळ आला, पेट्रोल आले. गावात मिरवत आलो.

२. खर्चाची रांग

आधी गाडी नावावर करायचा खर्च आला. २,५०० रुपये. मग विमा. ६,५०० रुपये. हे खर्च येणार, हे मला माहीत असायला हवे होते. पण मी ते धरलेच नव्हते.

पुढच्या महिन्यात एका सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी संपली होती. ४,५०० रुपये गेले.

मग पाऊस आला. वळणावर गाडी घसरली. सुदैवाने कोणाला लागले नाही. टायरवाल्याने टायरवरचे चार आकडे दाखवले. म्हणाला, "गुरुजी, हे वाचा." पहिले दोन आकडे आठवड्याचे असतात. पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे '२३१९' असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. माझे टायर नऊ वर्षांचे निघाले. वरून काळे रोगण लावून चमकवले होते. आत रबर ताठ झाले होते. चार टायरांचे १४,००० रुपये झाले.

दिवाळीनंतर क्लच गेला. इंजिन ओरडे, पण गाडी चढ चढेना. ८,५०० रुपये गेले.

दर वेळी मी म्हणायचो, "आता एवढेच. आता काही निघणार नाही." पण दर वेळी काहीतरी निघायचेच.

३. ती रात्र

वैशाखातली रात्र होती. अकराच्या सुमारास पत्नीला धाप लागली. आम्ही तिला गाडीत बसवले आणि निघालो. निम्मी वाट झाली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, हा काटा लाल रेघेवर गेलाय."

तो काटा इंजिनाच्या उष्णतेचा होता. मला ते ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "जाऊ दे. आधी दवाखाना गाठू."

आणखी दोन किलोमीटर गेलो असू. पुढून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. चहूकडे अंधार. पत्नीला बोलवत नव्हते. तिने माझा हात घट्ट धरला होता. पुतण्याने १०८ नंबरला फोन लावला. तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो आला. त्या भल्या माणसाने कॅन मागे सरकवून आम्हाला जागा दिली. वेळेवर दवाखाना गाठला, म्हणून ती वाचली.

ज्या रात्रीसाठी गाडी घेतली, त्याच रात्री गाडी उभी राहिली. पैशाचे दुःख मी विसरेन. ही गोष्ट विसरणार नाही.

४. मिस्त्री काय म्हणाला

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन उघडले. रेडिएटरला जुनी गळती होती. रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी. कोणीतरी लेप लावून ती गळती झाकली होती. पाणी संपले, इंजिन तापले, आणि वरचे हेड वाकले. १७,००० रुपये खर्च सांगितला.

मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, काटा चढला तेव्हाच इंजिन बंद केलं असतं, तर थोडक्यात भागलं असतं. पण ते सोडा. गाडी घेताना मला का नाही बोलावलंत? बैल घ्यायला जाताना चार माणसं नेता ना?"

मी खाली मान घातली. मग त्याने जे शिकवले, ते मी वहीत उतरून घेतले. तेच येथे देतो.

गाडी थंड असताना पाहावी. आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले, तर विचारावे, की आधीच का सुरू केली? थंड इंजिन सुरू होताना आपले दुखणे सांगते. तापलेले इंजिन ते लपवते. माझ्या वेळी इंजिन सुरू ठेवले होते, ते अगत्य नव्हते.

धुराचा रंग पाहावा. निळा धूर आला, तर इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर आला, तर इंधन नीट जळत नाही. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, तिला भिऊ नये. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबेना, तर पाणी इंजिनात शिरते आहे. हा मोठा खर्च आहे.

ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आत ताकासारखा पांढुरका फेस दाट दिसला, तर सावध व्हावे. ऑइलात पाणी मिसळले असण्याचा संभव आहे. रेडिएटरचे झाकण मात्र गाडी पूर्ण थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडले, तर उकळते पाणी अंगावर उडते.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. तो आकडा मागे फिरवता येतो. पायाखालच्या पेडलचे रबर पाहावे. आकडा कमी आणि रबर झिजून गुळगुळीत, हे जमत नाही. माझ्या गाडीचे रबर आरशासारखे झाले होते. मी पाहिलेच नव्हते.

टायरवरचे आकडे वाचावे. तुम्हाला आता वाचता येते. वाचायला शिकलो, ते अशाच वेळी कामी येते.

गाडी चालवून पाहावी. सपाट रस्त्यावर, खड्ड्यात आणि चढावर. ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, ते पाहावे. आणि बरोबर आपला मिस्त्री न्यावा. विकणाऱ्याचा नव्हे. मिस्त्रीला एका दिवसाची मजुरी द्यावी. माझे ते हजार रुपये वाचले आणि त्रेपन्न हजार गेले.

५. कागद आधी, पैसे मागून

गाडीचे मुख्य कागद म्हणजे आरसी. त्यावर मालकाचे नाव असते. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. हे नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावेत.

आरसीवर बँकेचे नाव आहे का, ते पाहावे. असेल, तर गाडीवर कर्जाचा बोजा आहे. सातबारावरचा बोजा आपल्याला कळतो. हा तसाच. बँकेचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म मिळून बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली, तर का स्वस्त, हे विचारावे.

विमा चालू आहे का, धुराचा पीयूसी दाखला आहे का, जुने दंड बाकी आहेत का, हेही पाहावे. घरातल्या मुलाला सांगावे. तो मोबाईलवर केंद्र सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घालून बरीच माहिती दाखवील.

गाडी नावावर करायला एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म लागतात. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. एकाच राज्यातला व्यवहार असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यावा.

विकणाऱ्यानेही हे विसरू नये. गाडी दिली, पण नाव तेच राहिले, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईचा बोजा कागदावरच्या मालकावर येतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. "त्याला केव्हाच विकली" हे सांगून सुटका होत नाही.

६. माझा हिशेब

आता माझी वही पाहा.

गाडीची किंमत : १,४०,००० रुपये
नावावर करणे : २,५०० रुपये
विमा : ६,५०० रुपये
बॅटरी : ४,५०० रुपये
चार टायर : १४,००० रुपये
क्लच : ८,५०० रुपये
इंजिनाचे काम : १७,००० रुपये
एकूण : १,९३,००० रुपये

म्हणजे १,४०,००० ची गाडी मला १,९३,००० ला पडली. त्रेपन्न हजार जास्त. यात पेट्रोल धरलेले नाही. हातात दहाच हजार होते. बाकीचे उसने घेतले. पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या.

मग मी आणखी एक हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. आम्ही महिन्यातून दोनदा दवाखान्यात जातो. वर्षाच्या चोवीस खेपा. गावातली भाड्याची गाडी जाऊन-येऊन बाराशे रुपये घेते. त्यात पेट्रोल आले, ड्रायव्हर आला. वर्षाचे झाले २८,८०० रुपये. माझ्या १,९३,००० रुपयांत साडेसहा वर्षांहून जास्त काळ खेपा झाल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, मग गाडी घेऊच नये का? तसे नाही. रात्रीच्या गरजेला स्वतःची गाडी दाराशी असावी, हे खरे. धंद्याला गाडी लागते, हेही खरे. पण दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडून मग ठरवावे.

आणि गाडी घ्यायची ठरली, तर चार रुपयांतले तीनच रुपये गाडीला द्यावेत. चौथा रुपया बाजूला ठेवावा. माझ्या दीड लाखात १,१२,५०० रुपयांपर्यंतचीच गाडी बघायला हवी होती. जुनी गाडी पहिल्या वर्षी तो चौथा रुपया मागतेच. बैल घेतला, तरी वैरण लागतेच ना?

गाडी अजून आमच्या दारात आहे. आता नीट चालते. रोज सकाळी पुतण्या पाणी आणि ऑइल पाहतो. मी काटा पाहतो. पाटल्या मागच्या संक्रांतीला सोडवून आणल्या. पत्नी म्हणाली, "अहो, गाडीनं आपल्याला फसवलं नाही. आपण तिला काही विचारलंच नाही."

लक्षात ठेवा

१. गाडी थंड असताना पाहा.
२. आपला मिस्त्री बरोबर न्या.
३. कागद जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.
४. चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवा.
५. काटा लाल रेघेवर गेला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

शब्दांचे अर्थ

बोजा – कर्जाचा भार
खेप – जाऊन-येऊन एक फेरी
गळती – थेंब थेंब बाहेर जाणे
विसंबणे – पूर्ण भरवसा ठेवणे

प्रश्न

१. व्यापाऱ्याने इंजिन आधीच सुरू का ठेवले असेल?
२. टायरवर '०८२१' असे आकडे आहेत. तो टायर कोणत्या साली तयार झाला?
३. तुमच्याजवळ २,००,००० रुपये आहेत. चौथा हिस्सा राखून ठेवला, तर किती रुपयांपर्यंतची गाडी पाहाल?
४. तुमच्या गावातून तालुक्याला भाड्याची गाडी किती रुपये घेते? वर्षाच्या खेपांचा हिशेब वहीत मांडा.