न दिसणारे दाखविणे : बंदुकीच्या सुरक्षिततेच्या पाठासाठी दृश्य साधने

बंदुकीच्या अपघातांच्या हकीकती ऐकल्या म्हणजे एक वाक्य वारंवार कानी पडते : “बंदूक रिकामी आहे, असेच वाटले होते.” या वाक्यातील ‘वाटले’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे तिच्या बाह्य रूपावरून समजत नाही. काडतूस नळीच्या आत असते. सुटलेली गोळी डोळ्यांना दिसत नाही. आणि ती जेथे जाऊन पडेल ती जागा बहुधा दृष्टीच्या टप्प्यापलीकडे असते. धोक्याच्या या तिन्ही गोष्टी अदृश्य असल्यामुळे केवळ तोंडी सूचना अपुऱ्या पडतात. सुरक्षिततेच्या पाठातील तक्ता, चित्र अथवा प्रतिकृती यांचे मुख्य कार्य न दिसणारे दाखविणे हेच होय.

भारतात अशा पाठांची गरज अनेक ठिकाणी पडते. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत शाळा-महाविद्यालयांतील छात्रांना ०.२२ इंच व्यासाच्या रायफलीचे शिक्षण दिले जाते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघाशी संलग्न अशा नेमबाजीच्या संस्था देशभर आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ मध्ये जे नियम करण्यात आले, त्यांत परवाना मागणाऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. या सर्व ठिकाणी उपयोगी पडतील अशी साधने पुठ्ठा, दोरा, कागद व रंग एवढ्या सामग्रीतून तयार करता येतात.

चार नियम

पाठाचा गाभा चार नियमांत सामावतो. १. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच ती हाताळावी. २. नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेस ठेवावे. ३. गोळी झाडण्याची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. ४. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, हे पाहिल्याखेरीज गोळी झाडू नये. एका साधनाने एकच नियम शिकवावा. चारही नियम एकाच तक्त्यात कोंबल्यास डोळा कोठेच स्थिरावत नाही.

साधन करणाराही या नियमांनी बांधलेला असतो. ज्या चित्रात नळीचे तोंड पाहणाऱ्याकडे वळलेले आहे, अथवा हसऱ्या मुलाचे बोट चापावर आहे, ते चित्र खाली लिहिलेल्या सूचनेच्या नेमके उलट शिकविते. वाचलेले शब्द विसरले जातात. पाहिलेली ढब हातात उतरते. यास्तव प्रत्येक चित्र रंगविण्यापूर्वी चारही नियमांवर पारखून घ्यावे.

पहिले साधन : सरकत्या बोल्टची प्रतिकृती

रायफलीच्या नळीच्या मागच्या टोकास काडतूस बसण्याची जी पोकळी असते, तिला कोठी म्हणावे. कोठी मागून बंद करणारा सरकता दांडा म्हणजे बोल्ट. पुढची काडतुसे ज्या पेटीत एकावर एक रचलेली असतात ती मॅगझिन. पेटी काढून घेतली की रायफल रिकामी झाली, हा नवशिक्याचा नेहमीचा गैरसमज आहे. पेटीतून आधीच कोठीत गेलेले काडतूस पेटीबरोबर बाहेर येत नाही.

हे दाखविण्यासाठी ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. उंच असा जाड पुठ्ठा घ्यावा. ०.२२ चे नेहमीचे काडतूस सुमारे २५ मि.मी. लांब असते व त्याची जाडी साडेपाच मि.मी.च्या आसपास असते. प्रतिकृती आठपट मोठी केल्यास ते २० सें.मी. लांब व साडेचार सें.मी. रुंद होईल. पुठ्ठ्यावर डावीकडे १५ सें.मी. नळीचा भाग, मध्ये २० सें.मी. कोठी आणि उजवीकडे २५ सें.मी. बोल्टचा मार्ग, असा उभा छेद काढावा. ३० सें.मी. लांबीची पट्टी दोन चिरांतून ओवली की ती बोल्टप्रमाणे मागेपुढे सरकते. बोल्टच्या मार्गाखाली पेटी म्हणून वरून उघडा असा पुठ्ठ्याचा खिसा चिमट्यांनी लावावा. काडतुसे जाड कागदाची चार करावी : तीन पेटीत, एक कोठीत. शेवटी बंद रायफलीचे बाह्यचित्र काढलेला एक पडदा वरच्या कडेस कापडी पट्टीने जोडावा. पडदा खाली असताना केवळ रायफल दिसते; तो उचलताच तिचे अंतरंग दिसते.

पाठाच्या वेळी पडदा खाली ठेवून शिक्षकाने वर्गासमोर पेटी काढून घ्यावी आणि विचारावे, “रायफल रिकामी झाली काय?” प्रत्येकाचे उत्तर हात वर करवून घ्यावे, आणि त्यानंतरच पडदा उचलावा. आपले उत्तर चुकल्याचे ज्याने स्वतः पाहिले, त्याला कोठीतील ते एक काडतूस सहसा विसरता येत नाही.

यानंतर उलट क्रम करून दाखवावा. पेटी जागेवर असताना बोल्ट मागे ओढावा. कोठीतील काडतूस बाहेर पडते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. आता बोल्ट पुढे ढकलताना तो पेटीतील सर्वांत वरचे काडतूस पुढे रेटून कोठीत बसवितो, हे हाताने कागदी काडतूस सरकवून दाखवावे. मग पेटी काढावी. रिकामी केली असे वाटणारी रायफल पुन्हा भरली गेली आहे! म्हणून योग्य क्रम असा : नळी सुरक्षित दिशेस, बोट चापाबाहेर, प्रथम पेटी काढणे, नंतर बोल्ट मागे ओढणे, आणि शेवटी कोठीत व पेटीच्या जागेत डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपणे. निरनिराळ्या बनावटीच्या रायफलींत खटक्यांची रचना भिन्न असते. म्हणून प्रत्यक्ष शस्त्र हाताळताना त्याची माहितीपुस्तिका व प्रशिक्षकाची सूचना प्रमाण मानावी.

या साधनासाठी खरे काडतूस कधीही वापरू नये. ०.२२ च्या काडतुसात आघाताने पेटणारे द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते. असे काडतूस फोडून अथवा त्याला भोक पाडून ते ‘निकामी’ करण्याचा घरगुती प्रयत्न अत्यंत धोक्याचा आहे. आठपट मोठ्या कागदी काडतुसाचा आणखी एक लाभ असा की ते कोणत्याही बंदुकीत बसूच शकत नाही.

दुसरे साधन : नळीपासून ताणलेला दोरा

नळी किंचित वळली तर काय होते, हे हातात रायफल धरणाऱ्यास जाणवत नाही. त्यासाठी एक मीटर लांबीची काठी घेऊन ती भडक पिवळी रंगवावी आणि तिच्या टोकाला दोरा बांधावा. एका विद्यार्थ्याने काठी धरावी. दुसऱ्याने दोरा काठीच्या रेषेत ताणून भिंतीपर्यंत न्यावा. काठी थोडी वळवून दोरा भिंतीवर किती सरकला ते मोजावे.

काठी केवळ एक अंश वळली तर १० मीटरवर दोऱ्याचे टोक सुमारे १७ सें.मी. आणि २५ मीटरवर सुमारे ४४ सें.मी. सरकते. दहा अंशांच्या वळणास १० मीटरवर पावणेदोन मीटर व २५ मीटरवर जवळजवळ साडेचार मीटर फरक पडतो. शेजाऱ्याशी बोलण्यासाठी मान वळविताना खांदाही वळतो आणि दहा अंश सहज होतात. दोरा शेजारच्या विद्यार्थ्याच्या अंगावरून जातो, तेव्हा दुसऱ्या नियमाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

तिसऱ्या नियमासाठी दोन पत्ती-चित्रे पुरतात. एकात बोट चापावर, दुसऱ्यात ते दस्त्याच्या लाकडावर सरळ टेकलेले. दचकल्यास किंवा तोल गेल्यास माणसाची मूठ आपोआप आवळली जाते. पहिल्या चित्रात त्या आवळण्याने गोळी सुटते, दुसऱ्यात केवळ लाकूड दाबले जाते.

तिसरे साधन : घडीची पट्टी

चौथ्या नियमासाठी १२० सें.मी. लांबीच्या कागदी पट्टीला दहा-दहा सें.मी.च्या बारा घड्या घालाव्या. २ सें.मी. म्हणजे २५ मीटर, असे प्रमाण धरावे. पहिल्या दोन सें.मी.त नेमबाज, लक्ष्य व त्यामागचा मातीचा उंच बांध काढावा. पुढील घड्यांवर शेत, पाऊलवाट, विहीर, शाळा व वस्ती काढावी.

०.२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असून नळीतून साधारण सेकंदास ३३० मीटर वेगाने निघते. हवेचा विरोध नसता तर ती ११ किलोमीटरांपर्यंत जाऊ शकली असती. हवेमुळे तिचा पल्ला पुष्कळ घटतो. तरीही नळी वर उचललेली असल्यास ती दीड किलोमीटर किंवा त्याहूनही दूर जाऊ शकते. दीड किलोमीटर म्हणजे या पट्टीची संपूर्ण लांबी. खांद्याच्या उंचीवरून अगदी आडवी झाडलेली गोळीही सपाट जमिनीवर दीडशे मीटरांच्या आसपास, म्हणजे पट्टीवर १२ सें.मी.वर पोचते, आणि कठीण जमिनीवर, दगडावर वा पाण्यावर तिरपी आदळल्यास उसळून पुढे जाते. बांधाचे चित्र झाकून पट्टी एकेक घडी उलगडत नेली म्हणजे दोन सें.मी.चा खेळ वस्तीपर्यंत कसा पोचतो, ते वर्गाला दिसते.

अक्षरे व रंग

तक्ता शेवटच्या बाकावरून वाचता आला पाहिजे. दृष्टी तपासण्याच्या फलकावर सहा मीटरांवरून सामान्य डोळ्यास वाचता येणारे अक्षर सुमारे पावणेनऊ मि.मी. उंचीचे असते. या हिशेबाने नऊ मीटरांवर १३ मि.मी. ही वाचनाची सीमा ठरते. सीमेवर वाचताना डोळा शिणतो, म्हणून दुप्पट, म्हणजे २६ मि.मी. उंची धरावी. देवनागरीत मात्रा व उकार अक्षराच्या वर-खाली येतात. त्यांच्यासाठी ओळींत अधिक जागा सोडावी.

चुकीसाठी तांबडा व योग्य कृतीसाठी हिरवा रंग वापरण्याचा प्रघात चांगला आहे. परंतु काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, या दोन रंगांतील भेद नीट कळत नाही. यास्तव रंगाबरोबर फुलीची व बरोबरची खूणही अवश्य काढावी.

साधनाची परीक्षा

साधन सुबक झाले म्हणजे ते उपयुक्त झाले असे नव्हे. पाठानंतर विद्यार्थ्याला नियम म्हणून दाखविण्यास सांगू नये. पुठ्ठ्याची रायफल त्याच्या हाती देऊन ती रिकामी करण्यास सांगावे. त्याने बोल्टला पेटीआधी हात लावला, तर नियम पाठ होऊनही पाठ झालेला नाही असे समजावे. अशी चूक अनेकांकडून झाल्यास दोष विद्यार्थ्यांचा न मानता साधन सुधारावे. पुठ्ठ्यावरील चुकीची किंमत कागदाच्या एका काडतुसाएवढीच असते, आणि याच कारणासाठी ती चूक वर्गातच होऊन जाणे इष्ट होय.

कृती व प्रश्न

१. पेटी काढल्यावरही रायफल भरलेली कशी राहू शकते, ते प्रतिकृतीवर करून दाखवा.
२. काठी पाच अंश वळविल्यास १० मीटरवर दोरा किती सरकतो, ते मोजा आणि गणिताने पडताळा.
३. वर्गाची लांबी मोजून तक्त्यावरील अक्षरांची योग्य उंची ठरवा.
४. वर्तमानपत्रातील वा जाहिरातीतील बंदुकीचे एक चित्र घेऊन ते चार नियमांवर पारखा.