माझा ‘नॉर्मल’, भावाचा ‘लो’

मी मुलुंडला राहते, धाकटा भाऊ बोरिवलीला. एकाच वर्षी आम्ही दोघांनी टेस्टोस्टेरॉन तपासलं आणि दोघांच्याही रिपोर्टचा अर्थ उलटा लावला गेला. माझा आकडा नॉर्मल आला, त्यामुळे हनुवटीवरचे राठ केस, लांबत जाणारी पाळी, विरळ झालेला भांग या सगळ्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच उत्तर मिळालं. भावाचा आकडा लो आला आणि त्याला थेट इंजेक्शनं लिहून दिली गेली. दोघांच्या रक्तात एकच प्रथिन कमी होतं. ते कुणी मोजलंच नव्हतं.

सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन असं त्याचं लांबलचक नाव. डॉक्टर ‘एसएचबीजी’ म्हणतात. ते मुख्यतः लिव्हरमध्ये तयार होतं आणि टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिऑल यांना धरून रक्तातून फिरवतं. टेस्टोस्टेरॉनला घट्ट, इस्ट्राडिऑलला जरा सैल. हिशेब बँकेतला समजा. एसएचबीजीने धरलेलं हार्मोन ही मुदतठेव, अल्ब्युमिनला हलकेच चिकटलेलं ते बचत खातं, आणि मोकळी रोकड उरते ती जेमतेम एक ते तीन टक्के. ‘टोटल’ म्हणजे या तिन्हींची बेरीज. शरीरात खर्च होते ती मुख्यतः रोकड.

माझं टोटल 48 नॅनोग्रॅम होतं, लॅबच्या मर्यादेत. पुढे घाटकोपरच्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंनी एसएचबीजी करायला लावलं, ते निघालं 17. दोन्ही आकडे नॅनोमोलमध्ये आणून त्यांनी टेस्टोस्टेरॉनला एसएचबीजीने भागलं, शंभरने गुणलं. उत्तर दहाच्या जवळ. बायकांमध्ये पाचच्या वर गेलं की सहसा जास्त धरतात. ठेवच इतकी लहान, की नॉर्मल रकमेतही रोकड भरपूर मोकळी होती. सोनोग्राफी आणि पाळीचा इतिहास बघून निदान झालं पीसीओएसचं. आपण सगळे ज्याला पीसीओडी म्हणतो तेच. मुंबईला ते नवीन नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 15 ते 24 वयाच्या मुंबईतल्या मुली तपासल्या होत्या. 2014 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के मुलींना पीसीओएस होता, जास्त कडक निकष लावल्यावर 10.7 टक्के.

भावाचं गणित याच्या बरोबर उलट. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये त्याचं टोटल 248 आलं. (या पॅकेजांत साठ-सत्तर चाचण्या असतात आणि त्यांचा अर्थ सांगणारं माणूस एकही नसतं.) अंधेरीची नोकरी, रात्री साडेदहाचं जेवण, सुटलेलं पोट, थकवा तर येणारच. एका क्लिनिकने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल हवंय, हे त्याला कुणी विचारलंही नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर जातात. बंद केल्यावर पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. माझा रिपोर्ट ताजा होता म्हणून मी म्हटलं, ‘‘आधी एसएचबीजी कर.’’ ‘‘ताई, आता तू पण डॉक्टर झालीस का?’’ म्हणाला, पण केलं. आलं 13. त्यावरून काढलेलं मोकळं टेस्टोस्टेरॉन मर्यादेत बसलं. ठेव आटली म्हणून बेरीज कमी दिसत होती, रोकड शाबूत होती. इंजेक्शनं टळली.

एसएचबीजी का आटतं? इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, लिव्हरमध्ये चरबी साठली, की लिव्हर ते कमी बनवतं. थायरॉईड मंद असला तरी ते उतरतं. आमच्या आईला मधुमेह. भावाला फॅटी लिव्हर निघालं त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही; मी बारीक, मला निघालं तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडे काट्यावर भरवसा ठेवू नये, कमरेला टेप लावावी.

तुमच्यावर ही वेळ आली तर टोटलसोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मागा, त्यावरून मोकळा भाग काढता येतो. स्वस्तातली थेट ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ चाचणी बऱ्याचदा भरवशाची नसते. पुरुषांनी रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावं, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी एसएचबीजी चांगलंच वाढतं, त्यामुळे गोळ्या चालू असताना आलेल्या सुंदर रिपोर्टवर मी तरी विसंबणार नाही; मात्र त्या मनाने बंद करू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचं उलट असतं. वयाबरोबर पुरुषांत एसएचबीजी चढतं, टोटल छान दिसतं आणि रोकड कमी असू शकते.

एसएचबीजी वाढवायच्या पावडरी विकणारे भेटतील, त्यांना हात जोडा. तो आकडा औषधाने वर ओढायचा नसतो. वजन आणि कंबर उतरली की तो बहुधा आपसूक चढतो. एसएचबीजी कमी असलेल्या स्त्री-पुरुषांत पुढे टाइप 2 मधुमेह जास्त आढळतो, हे 2009 च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून आमच्या डॉक्टर बाईंनी दोघांनाही पुढच्या चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन लिहिलंच नाही. एचबीएवनसी, लिपिड आणि लिव्हरच्या चाचण्या लिहिल्या, त्याही दरवर्षी करायच्या.