सूर्याच्या उष्णतेवर स्नानाचे पाणी

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे तर सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. सूर्य हेच काम फुकट करतो. पैसा लागतो तो मुख्यतः ती उष्णता सकाळपर्यंत धरून ठेवण्यासाठी, हे आम्ही सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणू इच्छितो.

गच्चीवरील सौर बंबाच्या पेटीत काळा रंग दिलेला धातूचा पत्रा असतो. वरची काच ऊन आत येऊ देते, उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. पत्र्याला जोडलेल्या नळ्यांतील पाणी तापले की हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली उतरते. पंप लागत नाही, मात्र टाकी पेटीपेक्षा उंचावर हवी. अमेरिकेत विल्यम बेली यांनी १९०९ च्या सुमारास ही टाकी वेगळी करून तिला उष्णतारोधक आवरण दिले, तेव्हा कुठे पहाटे गरम पाणी मिळू लागले.

आपल्याकडे पेटीचे तोंड दक्षिणेस ठेवावे. विंधन विहिरीच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, त्या वेळोवेळी साफ करून घ्याव्यात.

ज्यांना हे परवडत नाही त्यांनी काळा रंग दिलेले, झाकणाचे पिंप दिवसभर उन्हात ठेवावे. संध्याकाळी स्नानापुरते कोमट पाणी मिळते. पहाटेपर्यंत ते निवते. अशा घरांतील मुलांनी संध्याकाळीच स्नान करावे. आईने पहाटे उठून चूल पेटवावी, हा हट्ट सोडावा. पिंप पत्र्याच्या छपरावर मात्र ठेवू नये. १०० लिटर पाण्याचेच वजन १०० किलो भरते.