सुरतेहून हाफपाइपकडे: आधी रुपयांत, मग डॉलरमध्ये

उधना किंवा लिंबायतमधल्या मुलीने घरी येऊन सांगितलं, की मला हाफपाइप स्कीइंग करायचंय, तर घरचे आधी विचारतील, ‘हे काय असतं?’ आणि लगेच, ‘खर्च किती?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बर्फात कापलेली भलीमोठी पन्हळ, तिच्या भिंती सुमारे २२ फूट उंच, उतार सतरा-अठरा अंशांचा. खेळाडू भिंतीवरून हवेत उडतो, गिरकी घेतो, त्याच भिंतीवर उतरतो आणि समोरची भिंत गाठतो. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे. भारतात पूर्ण मापाचा पाइप नाही, आणि या प्रकारात ऑलिम्पिकला गेलेला भारतीय खेळाडूही अजून नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी सुरतेच्या बाजारात शोभेल असा एकच नियम पाळा: जे रुपयांत शिकता येतं, ते डॉलरमध्ये शिकू नका. परदेशातला दिवस फक्त पाइपसाठी ठेवायचा. उडी, तोल, ताकद आणि साधं स्कीइंग इथेच उरकायचं. हे उलटं केलं तर काय होतं? लाखो रुपये भरून परदेशात पोचलेला मुलगा पहिला आठवडा बूट घालायला आणि वळायला शिकण्यात घालवतो.

तेव्हा सुरुवात सुरतेत, आणि बर्फाशिवाय. जिम्नॅस्टिक्सचा चांगला प्रशिक्षक शोधा आणि ट्रॅम्पोलिनवर किमान वर्षभर काढा. उद्देश कसरती दाखवण्याचा नाही. आपण हवेत उलटे आहोत की सुलटे, जमीन कुठल्या बाजूला आहे, हे डोळ्यांनी शोधायच्या आत शरीराला कळलं पाहिजे. जोडीला इनलाइन स्केट्स घ्या; त्यावर कडेवर झुकून वळण्याची सवय लागते आणि पायाचा घोटा जागा होतो. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर याच शहरातून टेबल टेनिसमध्ये पुढे आले, पण त्यांच्या खेळाचं टेबल शहरातच होतं. आपलं मैदान हजारो किलोमीटर लांब आहे, म्हणून घरचं काम दुप्पट. मॉलमधल्या स्नो पार्कवर मात्र पैसे घालू नका. तिथे फोटो चांगले येतात, एवढंच.

मग गुलमर्ग. वांद्र्याहून सुटणारी स्वराज एक्स्प्रेस सुरतेला थांबते आणि कटऱ्यापर्यंत नेते. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत आहे. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथे नवशिक्यांपासून पुढच्या टप्प्यापर्यंत शिकवतात. पहलगाम, मनाली आणि औली हेही पर्याय आहेत. दोन हिवाळे इथे द्या. पहिल्यात उतरणं आणि थांबणं, दुसऱ्यात कडक झालेल्या बर्फावर स्कीची कड रुतवून वळणं. भुसभुशीत बर्फावर मजेत उतरणारे पुष्कळ भेटतात; पाइपची भिंत मात्र जवळजवळ बर्फाच्या लादीइतकी टणक असते. म्हणून सकाळी लवकर, रात्रीच्या थंडीने उतार घट्ट झालेला असताना सराव करा. पाठीमागे तोंड करून उतरणंही, ज्याला ‘स्विच’ म्हणतात, इथेच शिकून घ्या.

सामान घ्यायचंच असेल तर आधी बूट घ्या, आणि पायाला नीट बसणारे. स्की भाड्याने चालतील. हेल्मेट आणि पाठीचं कवच यांत काटकसर नको.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण घोडं बहुतेकदा इथेच पेंड खातं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वतःहून नाव घालता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचा, म्हणजे ‘फिस’चा परवाना लागतो आणि तो राष्ट्रीय संघटनेमार्फतच मिळतो. आपल्याकडे ‘स्की अँड स्नोबोर्ड इंडिया’ ही ती संघटना. तिकीट काढण्याआधी तिच्याशी लेखी पत्रव्यवहार करा. परवाना, वैद्यकीय तपासणी आणि स्पर्धेची प्रवेशिका यांच्या तारखा लिहून घ्या. न्यू जर्सी किंवा टोरंटोतल्या नातेवाइकांनी विचारलं, की आमचा मुलगा तिथे छान स्कीइंग करतो, तो भारताकडून उतरेल का, तर उत्तर पासपोर्टवर अवलंबून आहे. ओसीआय कार्डावर भारताचं प्रतिनिधित्व करता येत नाही. भारतीय पासपोर्टच लागतो.

तो पासपोर्ट हातात आला की व्हिसाचं गणित मांडा. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि स्वित्झर्लंडही त्याच हिशेबात मोडतं. त्यामुळे ‘अख्खा हिवाळा आल्प्समध्ये’ हा बेत कागदावरच कोसळतो. वर्षाची आखणी अशी करता येते: जुलै ते सप्टेंबर न्यूझीलंडमधलं कार्ड्रोना, कारण तेव्हा तिकडे हिवाळा, नोव्हेंबर-डिसेंबरला कोलोरॅडोतलं कॉपर माउंटन, जानेवारीनंतर कॅनडातलं कॅल्गरी किंवा स्वित्झर्लंडमधलं लाक्स. पहिल्या वर्षी यातलं एकच ठिकाण निवडा. माझं मत कार्ड्रोनाला: आपला गुलमर्गचा हंगाम बुडत नाही आणि युरोपचे ९० दिवस शिल्लक राहतात. दहावी-बारावी आडवी येत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे. तिथे परीक्षा वर्षातून दोनदा होते.

पैशाचं बोलायचं तर आरिफ खानचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. गुलमर्गजवळचा हा अल्पाइन स्कीअर २०१८ च्या ऑलिम्पिकला पैशांअभावी मुकला. शेवटच्या पात्रता स्पर्धांना जाण्याइतकी रक्कम लोकवर्गणीतूनही उभी राहिली नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला मात्र तो गेला आणि जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. त्याआधी केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेतून त्याला युरोपातल्या सरावासाठी मदत मंजूर झाली होती. यातून घ्यायचं ते हे, की सरकारी मदत दारात येते तोवर खेळाडू स्वतःच्या खर्चाने बराच पुढे गेलेला असावा लागतो. गुजरातची ‘शक्तिदूत’ योजना खेळाडूंसाठी आहे, तिची चौकशी जरूर करा, पण पहिली दोन वर्षं घरचा आणि प्रायोजकाचा पैसा धरूनच चाला. हिरे किंवा कापडाच्या व्यापाऱ्याकडे जाताना ‘देशासाठी’ एवढंच सांगून भागणार नाही. महिन्यांचा तक्ता, खर्चाचे रकाने आणि गेल्या हंगामाचा व्हिडिओ घेऊन जा. परदेशी पैसे पाठवण्याआधी आपल्या सीएला विचारा: रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की बँक आगाऊ कर कापते, आणि तो विवरणपत्रात परत मागता येतो.

विमा. साध्या प्रवास विम्यात स्पर्धात्मक किंवा साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॅनडाची सारा बर्क, जिने हाफपाइप ऑलिम्पिकमध्ये यावा म्हणून धडपड केली, ती जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पार्क सिटीला सराव करताना पडली आणि काही दिवसांनी गेली. तो कार्यक्रम प्रायोजकाचा खासगी होता, त्यामुळे संघटनेचा विमा लागू झाला नाही. रुग्णालयाच्या खर्चासाठी चाहत्यांनी पैसे जमवले. विमा कंपनीकडून ‘हाफपाइप, सराव आणि स्पर्धा’ हे शब्द पॉलिसीतच लिहून घ्या. एजंटच्या फोनवरच्या ‘हो, होईल साहेब’ला किंमत नाही.

आता प्रत्यक्ष पाइप. कॉपरचा पायथाच तीन हजार मीटरच्या आसपास आहे आणि आपण समुद्रसपाटीवरून आलेलो. पहिले तीन-चार दिवस फक्त हलकं उतरणं. त्यानंतरही काठाच्या वर जायचं नाही. तळातून भिंतीवर चढा, वेग संपायच्या आत वळा, उतरा, समोर जा. हेच कित्येक दिवस. काठावर येताना आतल्या बाजूला ओढलं गेलात तर भिंत चुकून थेट सपाट तळावर आपटाल. बाहेर झुकलात तर वरच्या सपाट काठावर. दोन्हीकडे हाडं मोडतात. म्हणून उडी मारायची ती भिंतीच्या दिशेने, वर, आणि नजर हवेत असतानाच खाली उतरण्याच्या जागेवर. उंची गुडघाभर, मग कंबरभर, मग डोक्याइतकी. गिरक्यांमध्ये ५४० आधी शिकतात, कारण तीत समोर तोंड करून उडून समोर तोंड करूनच उतरता येतं. ३६० ऐकायला सोपी वाटते, पण ती उलट्या तोंडाने भिंतीवर उतरवते. प्रत्येक नवी उडी आधी एअरबॅगवर, मग बर्फावर. आणि सायंकाळी स्कीची कड स्वतः घासायला शिका. पाइपमध्ये बोथट कड घेऊन जाणं हा निव्वळ वेडेपणा.

स्पर्धा खालच्या पायरीपासून: साध्या फिस स्पर्धा, मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड कप, नॉर-अ‍ॅम कप किंवा युरोपा कप. इथले गुण पुरेसे जमले तरच विश्वचषकाचं दार उघडतं. एलिझाबेथ स्वेनी या अमेरिकेत वाढलेल्या बाईने हंगेरीकडून २०१८ चं ऑलिम्पिक गाठलं होतं. तिची युक्ती अशी: कमी खेळाडू असलेल्या स्पर्धा निवडायच्या, पडायचं नाही, पहिल्या तिसांत यायचं. प्योंगचांगला ती ३१.४० गुणांसह शेवटची आली आणि जगभर टिंगल झाली. मला त्या टिंगलीत काही दम वाटत नाही. तिने नियम वाचले होते. मात्र तिच्याकडून वेळापत्रक वाचायला शिका, उड्या दुसऱ्या कुणाकडून.

पहिल्या स्पर्धेसाठी रन (पाइपमधली वरून खालपर्यंतची एक फेरी) साधा ठेवा. परीक्षक उंची, अवघडपणा, विविधता आणि सफाई पाहून एकूण गुण देतात. मधे एकदा पडलात तर उरलेल्या उड्या कितीही चांगल्या असोत, गुण घसरतातच. सरावात दहापैकी नऊदा जमणाऱ्या उड्याच घ्या, प्रत्येक उडीत स्की हाताने नीट धरा, आणि पहिल्या रनमध्ये गुणफलकावर स्वच्छ आकडा लावून मगच दुसऱ्या रनला नवी गिरकी काढा.