पाळीव सशांचा दैनिक आहार

गाय, बैल, शेळी व कोंबडी यांच्या पालनाविषयीं आमच्या वाचकांस नवीन असें थोडेंच सांगतां येईल. कारण तें ज्ञान घरोघर वाडवडिलांपासून चालत आलेलें आहे. सशाची गोष्ट तशी नाहीं. तिसगांव व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कोणी मुलांच्या हौसेखातर पांढऱ्या सशांची जोडी बाळगतो. परंतु तिला काय घालावें हें घरांतील वडील माणसांस विचारावें, तर त्यांनीं ससा पाहिलेला असतो तो बांधावरून पळतांना. म्हणून शेळीस जें चालतें तें सशासही चालेल अशा समजुतीनें चारा टाकला जातो, आणि काल धडधाकट असलेलें जनावर आज मरून पडतें. पुष्कळदां ही हानि रोगानें नव्हे, अन्नानें झालेली असते.

आमच्या हातूनही ही चूक घडली आहे. पावसाळ्यांत एकदां भिजलेल्या लसूणघासाचा भारा रात्रभर तसाच बांधून राहिला व आंतून गरम झाला. सकाळीं शेळ्यांस टाकतांना त्यांतलाच घास आम्हीं सशांपुढें टाकला आणि वर बाजरीचे दाणेही ओंजळभर घातले. शेळ्यांस कांहीं झालें नाहीं. सशाच्या मादीनें मात्र दुसऱ्या दिवशीं खाणें सोडलें, तिचें पोट ताठ फुगलें, व तिसऱ्या दिवशीं ती गेली. मुलांचें रडें थांबवितांना आमच्या अज्ञानाची आम्हांस जी लाज वाटली, तीमुळेंच हा पाठ लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों.

सशाचें पोट व दांत

शेळी रवंथ करते, ससा करीत नाहीं. शेळीचा चारा प्रथम मोठ्या कोठ्यांत आंबतो व मग पुढें सरकतो. सशाचा चारा जठरांतून व लहान आंतड्यांतून पुढें जाऊन शेवटीं एका मोठ्या आंधळ्या आंतड्यांत आंबतो. तेथील सूक्ष्म जंतु हेच सशाचे खरे स्वयंपाकी होत. त्यांस गवताचा चोथा मानवतो. दाणे, गूळ, भाकरी असे पिष्टमय व गोड पदार्थ तेथें अधिक पोंचले, कीं उपयोगी जंतु मागें पडून अपायकारक जंतु बळावतात, वायु धरतो व हगवण लागते. त्यांतून सशास ओकतां येत नाहीं; पोटांत गेलेली चूक त्यास बाहेर टाकतां येत नाहीं. आंतडीं सतत चालतीं ठेवणें हाच त्याच्या रक्षणाचा उपाय, आणि तीं चालतात तीं गवताच्या काडीवर.

ससा दोन प्रकारची लेंडी टाकतो. एक कोरडी व गोल. दुसरी मऊ, चकचकीत व घोंसासारखी चिकटलेली. ही दुसरी तो स्वतःच तोंडानें टिपून खातो. मुलांस किळस वाटते व तीं त्यास हुसकतात. तसें करूं देऊं नये. आंधळ्या आंतड्यांत तयार झालेलीं ब जीवनसत्त्वें व प्रथिनें त्यास या मार्गानेंच मिळतात. मऊ लेंडी न खातां ती जाळीवर पडून राहूं लागली, तर खुराक प्रमाणाबाहेर होत आहे असें समजून तो कमी करावा.

सशाचे दांत जन्मभर वाढतात. पुढचे दांत महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतात व चावण्यानेंच झिजतात. नुसत्या मऊ खुराकावर ठेवलेल्या सशाचे दांत वाढून वांकडे होतात, दाढांचीं टोकें जिभेस व गालांस टोचतात, आणि पुढें अन्न असूनही जनावर उपाशी राहतें.

काय द्यावें

आहाराचा मोठा भाग, रुपयांत बारा-तेरा आणे इतका, वाळलेल्या गवताचा असावा. मारवेल, पवन्या किंवा हरळी फुलोऱ्याच्या सुमारास कापून, उन्हांत वाळवून, हिरवट रंग व गोड वास राहील अशी ठेवावी. हें गवत सशापुढें अष्टौप्रहर असावें. तें संपूं देऊं नये. कडब्याचीं वाळलेलीं पानें जोडीस चालतात, पण मुख्य वैरण गवतच. ज्वारीचे कोंवळे पोंगे व पाण्यावांचून खुरटलेली ज्वारी यांत जनावरांस मारक असें विष असतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तीं सशासही घालूं नयेत.

लसूणघास पौष्टिक खरा, व वाढत्या पिलांस आणि दूध पाजणाऱ्या मादीस तो उपयोगी पडतो. परंतु त्यांत चुना पुष्कळ असतो, आणि ससा अन्नांतील बहुतेक चुना रक्तांत शोषून घेऊन जादा भाग मूत्रावाटे टाकतो. केवळ घासावर ठेवलेल्या मोठ्या सशाचें मूत्र गढूळ होतें व पुढें खडे धरण्याची भीति असते. म्हणून मोठ्या सशास घास अधूनमधून, थोडा व सुकवलेला द्यावा.

हिरव्या पाल्यांत कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा व गाजराचा पाला आणि शेवग्याचा पाला हे चांगले. सशाच्या वजनाच्या दर किलोस एक मूठ पाला दिवसाला पुरे. एकाच जातीचा रोज न देतां दोन-तीन जातींचा मिसळून द्यावा. गाजर हें सशाचें मुख्य अन्न, ही समजूत चित्रांवरून झालेली आहे. गाजरांत साखर असते, तेव्हां त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे.

खुराक मोठ्या सशास वजनाच्या दर किलोस वीस ते पंचवीस ग्रॅमपेक्षां अधिक नको. सशांसाठीं तयार केलेलें गोळीखाद्य मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास अर्ध्याहून अधिक गव्हाचा कोंडा, बाकी हरभऱ्याची चुणी व थोडी मक्याची भरड, आणि चिमूटभर मीठ असें मिश्रण करावें. कोंबड्यांचें खाद्य घालूं नये. त्यांत कधीं कधीं मिसळलेलीं औषधें सशास घातक होतात. बुरशीच्या वासाची पेंड, मका किंवा बाजरी कितीही स्वस्त पडली तरी घालूं नये. बुरशीच्या विषापुढें ससा फारच दुबळा आहे.

काय देऊं नये

आमच्या भागांत कांद्याची पात मुबलक. पण कांदा व लसूण सशाचें रक्त बिघडवितात. (लसूणघास नांवानेंच लसूण आहे, जातीनें नव्हे.) बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, रुई, धोत्रा, कण्हेर, घाणेरी हीं वर्ज्य समजावींत. सुबाभळीचा पाला शेळ्या खातात. सशाचे केस मात्र त्यानें गळतात. भाकरी, बिस्किटें, गूळ, दूध हे लाडाचे पदार्थ लाडक्याचा जीव घेतात. कपाशीवर किंवा तुरीवर फवारणी झाली असेल, तर त्या बांधावरचें गवत सशापुढें येऊंच नये.

रोजचा क्रम

ससा मुख्यतः सायंकाळीं, रात्रीं व पहाटे खातो, आणि दुपारीं विसावतो. त्याच्या या स्वभावास धरून क्रम ठेवावा.

सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं पिंजरा झाडावा, शिळा पाला काढून टाकावा, पाण्याचें भांडें घांसून भरावें, गवत ताजें घालावें व खुराकाचा एक तृतीयांश भाग द्यावा. याच वेळीं लेंड्या पाहाव्या. भरपूर, गोल व सारख्या लेंड्या हीच प्रकृति उत्तम असल्याची खूण. लहान, थोड्या किंवा पातळ झाल्यास सावध व्हावें.

दुपारीं कांहीं घालूं नये. पाणी मात्र पाहावें.

पाला सायंकाळसाठीं सकाळींच, दंव उडाल्यावर कापावा, धुवून सावलींत पसरून ठेवावा व सुकल्यावर सायंकाळीं द्यावा. भारा बांधून ठेवूं नये. खुराकाचे उरलेले दोन भाग सायंकाळींच द्यावे, आणि रात्रभर पुरेल इतकें गवत घालावें.

वेळ ठरल्यावर ती पाळावी. कोणतेंही नवें अन्न एकाएकीं सुरू करूं नये; सात ते दहा दिवसांत जुन्याचा भाग कमी करीत नव्याचा वाढवावा. बाजारांतून ससा आणतांना तो आजवर काय खात होता हें विक्रेत्यास विचारून घ्यावें व तेंच अन्न प्रथम चालू ठेवावें.

पाणी, उन्हाळा व टंचाई

दोन किलोचा ससा दिवसास शंभर ते तीनशे मिलिलिटर पाणी पितो; उन्हाळ्यांत याहूनही अधिक लागूं शकतें. पाणी संपलें कीं तो खाणेंही सोडतो. सशास घाम येत नाहीं, व त्यास थंडीपेक्षां उष्णता अधिक बाधते. आमच्याकडील चैत्र-वैशाखांत पिंजरा झाडाखालीं किंवा भिंतीच्या सावलींत ठेवावा, भोंवतीं ओलें गोणपाट टांगावें, व मातीच्या जड भांड्यांत दोनदां थंड पाणी भरावें.

दुष्काळी मुलखांत जनावर बाळगण्यापूर्वीं वैरणीचा हिशेब करावा. एका सशास दिवसाला शंभर ग्रॅम गवत धरलें, तर जोडीस वर्षाला त्र्याहत्तर किलो लागतें. हें ओझें मोठें नाहीं. पण मादी एकतीस दिवसांच्या आसपास विते व वितांच पुन्हां गाभण राहूं शकते. नर-मादी एकत्र ठेवली, तर वर्षाअखेर जोडीचा कळप होतो. १९७२ सालच्या दुष्काळांत बैलांपुढें टाकण्यास काडी नव्हती, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस अधिक सांगणें नको. नर व मादी यांचे पिंजरे वेगळे ठेवावे.

गाभण मादी व पिलें

गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यापासून मादीचा खुराक हळूहळू वाढवावा. दूध पाजीत असतां तो दुप्पट लागतो, व घासही द्यावा. मादी पिलांस दिवसांतून एकदां-दोनदां, तेंही थोडे मिनिटेंच पाजते. म्हणून ती पिलांस टाकून बसली अशी समजूत करून गाईचें दूध पाजूं नये. तिसऱ्या आठवड्यांत पिलें गवत कुरतडूं लागतात. पांच-सहा आठवड्यांनीं तोडावीं, आणि तोडल्यावर पंधरवडाभर पूर्वीचेंच अन्न चालवावें. हाच काळ सर्वांत धोक्याचा.

आजाराची पहिली खूण

ससा दुखणें लपवितो. बारा तास त्यानें तोंडांत कांहीं घेतलें नाहीं किंवा लेंडी टाकली नाहीं, तर उद्यांवर न टाकतां पशुवैद्याकडे न्यावें. शेळीसाठीं घरांत असलेलें औषध देऊं नये. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखीं औषधें तोंडावाटे दिल्यास सशाच्या आंतड्यांतील उपयोगी जंतु मरतात व त्यामागोमाग ससाही.

रानससा पाळूं नये

बाजरी किंवा गहूं काढतांना रानसशाचें पिलूं सांपडतें व मुलें तें घरीं आणतात. पाळीव ससा हा मूळ युरोपांतील बिळांत राहणारा. त्याचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात. आपला रानससा निराळ्या जातीचा असून त्याचीं पिलें केसांसह व उघड्या डोळ्यांनीं जन्मतात. तो पिंजऱ्यांत क्वचितच जगतो, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडणें व बाळगणें हा गुन्हा आहे. पिलूं एकटें दिसलें तरी तें पोरकें नसतें. आई पाजण्यापुरतीच येते. तेवढा पाथरा वगळून कापणी पुढें न्यावी.

वरील सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें: गवत सतत, पाणी ताजें, पाला सुकलेला व थोडा, खुराक मोजून, आणि बदल सावकाश. पिंजऱ्यांतील जनावरास स्वतःचा चारा निवडतां येत नाहीं. तो निवडण्याचें काम आपण पत्करलेलें असतें. घरांतील मुलांकडे हें काम सोंपवावें, परंतु सायंकाळीं एकदां वडील माणसानें पिंजऱ्यापाशीं जाऊन गवत, पाणी व लेंड्या स्वतः पाहाव्या, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.